विषय: ठाण्याच्या घरासाठी पेपर श्रेडर कोणता घ्यावा?

मंडळातील सर्वांस सप्रेम नमस्कार.

नौपाड्यातील आमच्या आईची इमारत पुनर्विकासाला गेली असून दिवाळीपूर्वी घर रिकामे करून द्यायचे आहे. वडील बँकेत नोकरीला होते आणि कोणताही कागद टाकायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता होता. त्यामुळे माळ्यावर जुनी पासबुके, मुदतठेवींच्या पावत्या, पॅन आणि आधारच्या झेरॉक्स प्रती, विम्याचे कागद, तपासण्यांचे अहवाल आणि बंद झालेल्या खात्यांची चेकबुके यांचे गठ्ठे साठले आहेत. हे सगळे जसेच्या तसे रद्दीवाल्याच्या तराजूत टाकायला मन धजत नाही, कारण सही, खातेक्रमांक आणि जन्मतारीख एकत्र असलेला कागद कोणत्या दुकानात पुडी होऊन जाईल, याचा नेम नाही.

इथे अमेरिकेत श्रेडर, म्हणजे कागद बारीक फाडणारी यंत्रे, स्वस्तात मिळतात, म्हणून पुढच्या महिन्यात येताना एक सामानातून आणावा, असा विचार आहे. तो योग्य आहे का? ‘एका वेळी १२ कागद’ असे लिहिलेले यंत्र पुरेल का? भाड्याच्या घरी गेल्यावर आईला ते एकटीने चालवता येईल, असेही हवे आहे.

आपली,
न्यू जर्सी (माहेर नौपाडा, ठाणे)

उत्तर: ठाण्याच्या घरासाठी पेपर श्रेडर

ताई, सप्रेम नमस्कार.

परदेशातून परत आल्यापासून वाशीत माझे सनदी लेखापालाचे कार्यालय आहे आणि अशिलांचे कागद नष्ट करणे हा आमच्या कामाचाच भाग असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

यंत्र तिकडून आणू नये. अमेरिकेतील घरगुती वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची, तर आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. मोटरचा पूर्ण भार पेलणारा ट्रान्सफॉर्मर जोडावा लागेल, तो जड आणि महाग असतो, शिवाय यंत्र अडले तर त्याची पाती किंवा गिअर इथे मिळण्याची शक्यता कमी. घरगुती वापराची यंत्रे ठाण्यात सहज मिळतात.

आता निवडीचा मुख्य मुद्दा, म्हणजे तुकडा किती बारीक हवा. यासाठी जर्मनीत २०१२ साली डिन ६६३९९ हे मानक आले आणि २०१८ मध्ये तेच आयएसओ/आयईसी २१९६४ या नावाने आंतरराष्ट्रीय झाले. त्यात कागदासाठी पी-१ ते पी-७ अशा सात पायऱ्या आहेत. स्वस्त यंत्रे कागदाच्या नुसत्या उभ्या पट्ट्या काढतात. ६ मिलिमीटरपर्यंत रुंदीची पट्टी ही पी-२ पायरी. पी-४ मध्ये तुकड्याचे क्षेत्रफळ १६० चौरस मिलिमीटरच्या आत असावे लागते आणि पी-५ मध्ये ते ३० चौरस मिलिमीटरच्या आत. म्हणजे एका ए-फोर कागदाचे पी-४ यंत्रात सुमारे ४०० आणि पी-५ यंत्रात २,००० हून अधिक तुकडे होतात. खोक्यावर ‘हाय सिक्युरिटी’ असे मोठ्या अक्षरात लिहिलेले असते, त्याला काही अर्थ नाही. पी पुढचा आकडा किंवा तुकड्याची लांबी-रुंदी पाहावी.

उभ्या पट्ट्यांवर विसंबू नये असे मी आग्रहाने सांगतो, कारण १९७९ साली तेहरानच्या अमेरिकन दूतावासात यंत्रातून काढलेले कागद इराणींनी पट्टीला पट्टी जुळवून पुन्हा उभे केले आणि पुढे पुस्तकरूपाने छापलेसुद्धा. बँकेच्या विवरणपत्रात ओळी आडव्या असतात. कागद आडवा घातला तर खातेक्रमांकाची अख्खी ओळ एकाच पट्टीवर शाबूत राहते. २०११ साली अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा संस्थेने फाडलेले कागद जुळवण्याची स्पर्धा ठेवली होती. ५०,००० डॉलरचे बक्षीस असलेली ती पाचही कोडी संगणकाच्या मदतीने एका गटाने महिन्याभरात सोडवली. घरच्या कागदांसाठी कोणी एवढा खटाटोप करणार नाही, म्हणून तुम्हाला पी-४ पुरेसा आहे. पी-५ माझ्या कार्यालयात आहे, परंतु तो एका वेळी कमी कागद घेतो आणि त्याला तेलपाणी जास्त लागते.

तरीही यंत्रापेक्षा मला काळजी वाटते ती घाईत चुकीचा कागद आत जाण्याची. घराच्या खरेदीच्या करारनाम्यांची पूर्ण साखळी, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीच्या पावत्या, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा), सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट आणि विकासकाशी झालेला पत्रव्यवहार यांतले एक पानही नष्ट करू नये. वडिलांच्या कागदांत कंपन्यांची छापील शेअर सर्टिफिकेटे किंवा लाभांशाची जुनी पत्रे निघाली तर तीही बाजूला काढा. सात वर्षे न उचललेला लाभांश गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातो आणि वारसांना तो तिथून मागता येतो. कार्यालय असलेल्या सभासदांसाठी सांगतो, कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे आणि जीएसटीची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावीच लागतात.

आपला,
वाशी, नवी मुंबई

उत्तर: ठाण्याच्या घरासाठी पेपर श्रेडर

ताईंना आणि वाशीकर साहेबांना नमस्कार.

वागळे इस्टेटमध्ये कार्यालयीन यंत्रांची विक्री आणि दुरुस्ती करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. पी-४ विषयी मी वाशीकर साहेबांशी पूर्ण सहमत आहे, मात्र ‘१२ कागद’ या आकड्यावर निर्णय घेऊ नये. तो आकडा नव्या, कोरड्या, पातळ कागदाचा असतो. माळ्यावरचा सर्दावलेला कागद, घडी पडलेले जुने विवरणपत्र आणि जाड बाँड पेपर घालताना सांगितलेल्या क्षमतेच्या निम्म्यावर राहिलेले बरे. त्याहून महत्त्वाचा आकडा म्हणजे यंत्र सलग किती वेळ चालते. घरगुती यंत्रे बहुधा काही मिनिटे चालली की मोटर तापून आपोआप थांबतात आणि निवण्यासाठी अर्धा तास किंवा अधिक घेतात. माळाभर गठ्ठे अशा यंत्रात घालू पाहाल तर दिवाळी उजाडेल आणि मोटरही जाईल.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की गठ्ठ्यांसाठी यंत्र घेऊच नका. आधी निवड करा. मासिके, कोरे अर्ज, छापील माहितीपत्रके आणि नाव-क्रमांक नसलेली पाने सरळ रद्दीत जाऊ द्या. जे उरेल, ते समोर फाडून देणाऱ्या आणि नष्ट केल्याचा दाखला देणाऱ्या व्यावसायिक सेवेकडे सोपवा. फाडताना घरचे माणूस तिथे उभे असावे. कागद बादलीत भिजवण्याचा सल्ला काही जण देतात, परंतु लेझर प्रिंटर आणि झेरॉक्सची शाई म्हणजे कागदावर वितळवून बसवलेली प्लॅस्टिकची भुकटी असते, ती पाण्याने जात नाही. पूर्ण लगदा केला तरच उपयोग.

आईंसाठी नंतर लहानसे पी-४ यंत्र घ्यावे. झाकण किंवा डबा उचलताच बंद पडणारे आणि अडकलेला कागद मागे सोडण्याचे बटण असलेले पाहावे. तोंडाची फट अरुंद असावी आणि चालवताना पदर, गळ्यातले आणि नातवंडांची बोटे लांब राहावीत. काम झाले की प्लग काढून ठेवावा. स्टेपलच्या पिना बहुतेक यंत्रे चावतात, क्लिपा मात्र काढाव्यात. लॅमिनेशन केलेली कार्डे आणि डिंकाची लेबले पात्यांना चिकटतात, ती कात्रीने कापावीत. एटीएमच्या गुळगुळीत पावत्या उष्णतेने छापलेल्या असतात. त्यांचे तुकडे कागदाच्या रद्दीत मिसळू नयेत. आणखी एक, खाडीकाठच्या आपल्या हवेत पावसाळ्यात पात्यांना गंज धरतो, म्हणून श्रेडरसाठीच मिळणारे तेल कागदावर पसरून तो कागद आत सोडावा. फवाऱ्याच्या डब्यातले तेल कधीही मारू नये. त्यातला ज्वालाग्राही वायू आत साठतो आणि मोटरच्या ठिणगीने पेट घेऊ शकतो.

आपला,
पाचपाखाडी, ठाणे

उत्तर: ठाण्याच्या घरासाठी पेपर श्रेडर

दोघांचेही मनापासून आभार. यंत्र इकडून आणण्याचा विचार सोडला आहे. माझा भाऊ पहिल्या आठवड्यात फक्त निवड करील आणि करारनामे, सोसायटीचे कागद व शेअर सर्टिफिकेटे वेगळ्या पेटीत ठेवून तिची यादी मला पाठवील. ती वाशीकर साहेबांना पाहता आली तर फार बरे होईल. त्यानंतरच फाडणाऱ्या सेवेला बोलावू. आईसाठीचे यंत्र भाड्याच्या घरी स्थिरस्थावर झाल्यावर ठाण्यातच, दुरुस्तीची सोय असलेल्या दुकानातून घेऊ. आधारची प्रत कोणी मागितली तर यापुढे शेवटचे चारच अंक दिसणारी ‘मास्क्ड’ प्रत द्यायची, असेही तिला सांगितले आहे, म्हणजे नष्ट करण्याजोगे कागद मुळात कमी साठतील.

आपली,
न्यू जर्सी