पीसीएलचे स्कॅफोल्ड पॅराफिनमध्ये टिकत नाहीत. छेद कसे घ्यावेत?

तंतुजाल (प्रश्न)

नमस्कार. मी इलेक्ट्रोस्पिनिंगने (उच्च विद्युतदाबाने पॉलिमरचे बारीक तंतू ओढण्याच्या पद्धतीने) तयार केलेल्या पॉलिकॅप्रोलॅक्टोनच्या, म्हणजे पीसीएलच्या, सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीच्या चकत्यांवर, म्हणजे पेशींना आधार देणाऱ्या स्कॅफोल्डवर, फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या) पेशी वाढवत आहे. पेशी आत किती खोलवर उतरल्या हे मला छेदांत (पातळ कापांत) पाहायचे आहे आणि तंतूंचे स्वरूप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. एकविसाव्या दिवशी नमुने ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये स्थिर केले आणि आमच्याकडे सर्वच ऊतींसाठी वापरली जाणारी पद्धत त्यांनाही लावली: चढत्या क्रमाने अल्कोहोल, मग झायलिन, मग ६० अंशांच्या ओव्हनमध्ये वितळलेले पॅराफिन. कॅसेट उघडली तेव्हा पांढऱ्या चकतीच्या जागी आक्रसलेला, अर्धपारदर्शक तुकडा निघाला आणि त्यावर कॅसेटच्या जाळीचा ठसा उमटलेला होता. पीसीएल सुमारे ६० अंशांना वितळते हे मला ठाऊक होते, परंतु इतका फटका बसेल असे वाटले नव्हते. मेणाचे तापमान ५६ अंशांवर आणून ओव्हनमधला वेळ निम्मा केल्यास निभावेल काय?

शीतछेद

निभावणार नाही, कारण आपण दोष एकट्या ओव्हनला देत आहात. झायलिनमध्ये पीसीएल फुगते आणि विरघळूही लागते, आणि इलेक्ट्रोस्पिनिंगचे तंतू इतके बारीक असतात की त्यांना विरघळायला फारसा अवधी लागत नाही. आपली चकती मेणापर्यंत पोहोचली तेव्हाच ती बहुधा चकती उरली नसावी. खात्री करायची असल्यास पेशी नसलेल्या कोऱ्या स्कॅफोल्डचे तुकडे प्रत्येक टप्प्यावर बाजूला काढून ठेवावेत. नुकसान नेमके कोठे झाले ते त्यांवरून डोळ्यांनाच दिसते. पेशींचे नमुने खर्ची घालण्याआधी हे करायला हवे होते, असे मी जरा स्पष्टच म्हणतो, कारण ही चूक मीही केलेली आहे.

माझा कल गोठवून छेद घेण्याकडे आहे, कारण त्यात उष्णताही नाही आणि झायलिनही नाही. स्थिर केलेला नमुना आधी १५ आणि मग ३० टक्के सुक्रोजमध्ये, तो तळाशी बसेपर्यंत ठेवावा. पुढची पायरी ओसीटीची, म्हणजे गोठवण्याआधी नमुन्याभोवती भरायच्या माध्यमाची, आणि घाई नेमकी तेथेच नडते. हे माध्यम घट्ट असते, तंतूंच्या जाळीत ते आपोआप शिरत नाही आणि आत हवा राहिली तर छेद तेथेच फाटतो. म्हणून नमुना ओसीटीत बुडवून मंद निर्वातात ठेवावा. बुडबुडे वर येणे थांबले की मगच द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या आयसोपेंटेनमध्ये गोठवावा. पीसीएलचे काचसंक्रमण तापमान (ज्याखाली पॉलिमर काचेसारखे कडक होते) उणे ६० अंशांच्या आसपास असल्यामुळे क्रायोस्टॅटच्या, म्हणजे गोठवलेल्या नमुन्याचे छेद घेणाऱ्या यंत्राच्या, नेहमीच्या उणे २० अंशांना भोवतालचे ओसीटी कडक होते, पण तंतू चिवटच राहतात आणि पात्याखाली ओढले जातात. उणे ३० अंशांपर्यंत उतरून १० ऐवजी २० मायक्रोमीटरचे छेद घेतल्यास काम बरेच सुकर होते.

मेणकाम

वरील मताशी सहमत आहे. फक्त मेणाचा मार्ग संपूर्ण बंद आहे असे मानू नये. स्टीडमन यांनी १९५७ साली सुचवलेले पॉलिएस्टर मेण सुमारे ३७ अंशांना वितळते आणि अल्कोहोलमध्ये मिसळते, त्यामुळे झायलिनचा टप्पाच गळतो. मात्र ते मऊ असते. उन्हाळ्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीत त्याचे छेद घेणे म्हणजे लोणी कापण्यासारखे आहे, आणि छेद कोमट पाण्यावर न तरंगवता साध्या थंड पाण्यावर तरंगवावे लागतात. ग्लायकॉल मेथाक्रिलेट रेझिनमध्ये छेद अधिक पातळ व सुबक येतात, पण ते घट्ट होताना स्वतःच उष्णता सोडते. साचा लहान घ्यावा आणि ती क्रिया ४ अंशांना होऊ द्यावी, अन्यथा ओव्हन टाळून आपण पुन्हा ओव्हनच गाठला असे होईल.

तंतुजाल

आपणा दोघांचे आभार. काल कोरा तुकडा सामान्य तापमानाला झायलिनमध्ये टाकून पाहिला. पांढरा रंग डोळ्यांदेखत गेला, आणि चिमट्याने उचलू लागलो तर तुकडा टोकाला चिकटून ताणला गेला. ओव्हनला मी उगीचच बोल लावत होतो. आता क्रायोस्टॅटचाच मार्ग धरतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी काही विशेष काळजी घ्यावी लागते काय?

शीतछेद

घ्यावी लागते. ग्लुटाराल्डिहाइडने स्थिर करून अल्कोहोलने निर्जलीकरण केल्यावर नमुना हेक्झामिथिलडायसिलाझेन या उडून जाणाऱ्या द्रवात ठेवावा आणि धूरकपाटात झाकण उघडे ठेवून रात्रभर आपसूक वाळू द्यावा. क्रिटिकल पॉइंट ड्रायरबाबत, म्हणजे दाबाखालील कार्बन डायऑक्साइडने नमुना वाळवणाऱ्या यंत्राबाबत, मी सावध असतो, कारण कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक बिंदू ३१ अंश आणि सुमारे ७४ बार असला, तरी त्या दाबाखाली तो वायू पीसीएलमध्ये शिरून त्याला मऊ करतो. आडवा छेद हवा असल्यास कात्री लावू नये, तंतू चेपले जातात. चकती द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून, बाहेर न काढता तेथेच मोडावी. सोन्याचा थर देताना विद्युतप्रवाह कमी ठेवून मध्ये थांबत थांबत द्यावा आणि पाहताना २ ते ५ किलोव्होल्टच्या पुढे जाऊ नये. एकाच जागी मोठे वर्धन लावून रेंगाळल्यास तंतू पडद्यावरच वाकताना दिसतात.

मेणकाम

एक गोष्ट राहिली. गोठवलेले छेद रंगवून झाले की हात सवयीने डीपीएक्सच्या (छेदावर झाकणाची काच चिकटवण्याच्या माध्यमाच्या) बाटलीकडे जातो, आणि त्यात झायलिनच असते. आमच्याकडे एका विद्यार्थिनीचे उत्तम छेद असे काच झाकल्यावर गेले. ग्लिसरॉल-जिलेटिन वापरावे, आणि स्लाइड गरम तबकडीवर न ठेवता खोलीतच वाळवावी.