'धीर' म्हणजे नेमकं काय? सोसणं, की टिकणं?

वाकडी पेन्सिल:
सलाम मंडळी. प्रश्न शब्दाचाच आहे पण मागची गोष्ट सांगितल्याशिवाय कळायचा नाही. दोन वर्षांत दुकान बंद पडलं, आई गेली, आणि मधे मी चर्चला जाणं जवळपास सोडलंच होतं. आता परत जातोय, शेवटच्या बाकावर बसतो. तर जो भेटतो तो म्हणतो 'धीर धर', आणि बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय (रोम ५) ऐकवतो, संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. ऐकून ऐकून शब्दच बोथट झालाय. धीर म्हणजे गप गुमान सोसणं असेल तर मला ते अजिबात जमलेलं नाही, देवाशी भरपूर भांडलोय मी. मूळ शब्द काय आहे, आणि मराठीत त्याला धीरच का म्हटलं?

नगरी चष्मा:
नवा करार मुळात ग्रीकमध्ये, आणि तिथे 'हुपोमोने' आहे. हुपो म्हणजे खाली आणि मेनो म्हणजे राहणं, मुक्कामाला असणं. म्हणजे ओझं डोक्यावर असताना त्याच्याखालून सटकायचं नाही, जागा सोडायची नाही. योहान १५ मधलं 'माझ्यामध्ये राहा' त्यातही हाच मेनो. मत्तय २४:१३ ला आपल्याकडे 'शेवटपर्यंत टिकून राहील' आहे ते याच शब्दाचं क्रियापद, आणि माझ्या मते 'टिकून राहणे' हाच सगळ्यात जवळचा मराठी शब्द.
सहनशीलतेचा शब्द वेगळा, 'माक्रोथुमिया'. १ करिंथ १३ मधलं 'प्रीती सहनशील आहे' ते त्या घराण्यातलं. तो जास्त करून माणसांच्या बाबतीत येतो, समोरचा कितीही डोक्यात गेला तरी राग लांबवणं. प्रवचनात या दोघांची भेळ होते म्हणून तुमच्यासारख्यांचा गोंधळ होतो.

वसईची लेक:
आमच्या कॅथलिक मंडळींत 'श्रद्धा' जास्त ऐकू येतं, तुमच्याकडे 'विश्वास', ते असो. मला 'सोशीक' या शब्दाचा जाम राग आहे. सोशीक सून, सोशीक आई, हे सगळं बाईला गप्प बसवायला वापरतात, आणि मग तेच बायबलच्या नावाने सांगतात. धीराचा अर्थ सोशीकपणा घेऊ नका प्लीज.

नगरी चष्मा:
ताई शंभर टक्के. आणि भांडण्याचंच म्हणाल तर याकोब ५:११ बघा, तिथे ईयोबाबद्दल, म्हणजे जुन्या करारातल्या त्या सगळं गमावलेल्या भल्या माणसाबद्दल, हाच हुपोमोने वापरलाय. आता ईयोब काय गप्प बसला होता? तिसऱ्या अध्यायात स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतोय, पुढे पानंच्या पानं देवाला कोर्टात खेचायची भाषा. बेचाळिसाव्या अध्यायात देव रागावतो कुणावर, तर त्याला शहाणपण शिकवायला आलेल्या तिघा मित्रांवर, आणि म्हणतो की माझा सेवक ईयोब बोलला तसं यथार्थ तुम्ही बोलला नाहीत. म्हणजे पेन्सिलभाऊ, तुमचं भांडण ईयोबाच्या खात्यात जमा आहे, काळजी नको.

पाटीपेन:
मग 'ठेविले अनंते तैसेचि रहावे' आणि यात फरक काय राहिला?

नगरी चष्मा:
फरक आहे पण तो वेगळा धागा होईल, आणि तिथे मारामारी होईल.

जुनी वही:
मराठी बाजूने थोडं. धीर हा शब्द आपण वापरतो कसा ते बघा. धीर धरतो, धीर देतो, धीर सुटतो, धीर खचतो, 'धीर निघत नाही' म्हणतो. चिकाटीला असं काही होत नाही, चिकाटी कुणी कुणाला देत नाही, ती ज्याची त्याची. धीर मात्र एकाकडून दुसऱ्याकडे जातो. मयताच्या घरी आपण धीर द्यायला जातो, बोलायला सुचत नाही तरी नुसते बसून येतो आणि तोही धीरच असतो. अनुवाद करणाऱ्यांनी हा विचार केला होता की नाही देव जाणे, पण शब्द नशिबाने फार चांगला पडलाय.
जुन्या कराराच्या हिब्रूतही तसंच काहीसं आहे. विश्वासाला, विश्वासूपणाला तिथे 'एमुना', आपल्या 'आमेन'चं मूळही तेच. आता निर्गम १७ मधली अमालेकाशी लढाई आठवा. मोशेचे हात वर असले की इस्राएलाची सरशी व्हायची, पण हात भरून आले, मग त्याला धोंड्यावर बसवलं आणि अहरोन आणि हूर यांनी दोन बाजूंनी हात धरून ठेवले, सूर्य मावळेपर्यंत हात स्थिर राहिले. त्या 'स्थिर' साठी मूळ शब्द एमुना आहे! हात मोशेचे, पण त्याच्या एकट्याच्या जोरावर वर राहिलेले नाहीत. मला तर हे कळल्यापासून 'माझा विश्वास कमी पडतोय' असं कुणी म्हणालं की आधी विचारावंसं वाटतं, बाजूला कोण उभं आहे तुझ्या?

मीठभाकर:
पंडिता रमाबाईंचं नाव अजून कसं नाही आलं? दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८० ला भाऊ, १८८२ ला नवरा, पदरात लहान मुलगी. बाप्तिस्मा १८८३ चा, म्हणजे हे सगळं त्याच्या आधीचं, आणि लोक इथेच गोष्ट थांबवतात, जणू पुढे सगळं सुरळीत झालं. पुढे १८९३ ला धर्मांतराच्या वादात शारदा सदनातल्या, म्हणजे त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शाळेतल्या, कितीतरी मुलींना पालक घेऊन गेले. १९२१ ला तीच मुलगी, मनोरमा, गेली, जिच्या हाती काम सोपवायचं होतं तीच. आणि बाई काय करत होत्या, तर केडगावला मूळ भाषांवरून बायबलचं मराठी करत होत्या, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत, छापखानाही तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमधलाच. १९२२ च्या एप्रिलमध्ये वारल्या, बायबल पूर्ण छापून आलं १९२४ ला. हुपोमोनेचा अर्थ डिक्शनरीत बघण्यापेक्षा मी हे बघतो.

वाकडी पेन्सिल:
वाचतोय सगळं, दोनदा वाचलं. वहीकाका, मोशेच्या हाताचं मला माहीतच नव्हतं. आईच्या वेळी आमच्या पाळकांनी एक शब्द न बोलता रात्रभर दवाखान्याच्या बाकड्यावर बसून काढली होती, मला तेव्हा वाटलं होतं यांना बोलायला काही येत नाही. एकच शंका राहिली, 'धीराने शील'. शील म्हणजे कॅरॅक्टर? धीर धरला की माणूस चांगल्या वळणाचा होतो असं आहे का ते?

नगरी चष्मा:
नाही, तिथे 'दोकिमे' आहे, पारखून खरं ठरलेलं. सोनार कसोटीच्या दगडावर घासून बघतो तसं. याकोब १:३ मध्ये 'विश्वासाची पारख' आहे तोही याच कुळातला शब्द, तिथे आपलं भाषांतर नेमकं बसलंय. रोममध्ये मला 'शील' पेक्षा 'कस' आवडला असता. संकटाने धीर, धीराने कस.

वसईची लेक:
'कस' मस्त आहे, पण चर्चमध्ये मोठ्याने वाचलं की मागच्या बाकावरचे 'कसं?' विचारतील.

वाकडी पेन्सिल:
मागच्या बाकावर सध्या मीच आहे.