बर्निंग मॅनला पुन्हा जायचंय, पण या वेळी कडेकडेने फिरून परत यायचं नाही. सल्ला हवा आहे

मंडळी, नमस्कार.

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात ऑगस्टच्या अखेरीला बर्निंग मॅन हा कलामहोत्सव भरतो. तिथे मी २०२३ साली, म्हणजे पावसाच्या वर्षी, पहिल्यांदा जाऊन आले. पुन्हा जायचं नक्की आहे. तंबू, पाणी, धुळीचे गॉगल वगैरेची यादी नको आहे, ती तयारी मला जमते. प्रश्न वेगळा आहे. मी स्वभावाने अबोल आहे, अनोळखी माणसाशी आपणहून बोलायला मला फार वेळ लागतो. अशा माणसाने तिथे नुसता प्रेक्षक न राहता सहभागी कसं व्हायचं?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९८६ मध्ये लॅरी हार्वी आणि जेरी जेम्स यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीचवर लाकडी पुतळा जाळला, तिथून हे सुरू झालं. १९९० पासून ते वाळवंटात गेलं. आटून गेलेल्या प्राचीन तळ्याचा हा सपाट तळ, त्याला सगळे ‘प्लाया’ म्हणतात. त्यावर आठवडाभरासाठी ७०,००० च्या आसपास माणसांचं शहर उभं राहतं. रस्ते घड्याळाच्या तबकडीसारखे, दोनपासून दहा वाजेपर्यंतचे, आणि त्यांना छेदणारे अर्धगोल रस्ते. मधोमध ‘मॅन’, म्हणजे शेवटी जाळतात तो पुतळा, त्याच्या पलीकडे टेंपल, म्हणजे गेलेल्या माणसांच्या आठवणी ठेवायची वास्तू, तीही शेवटी जाळतात, आणि त्याहून पुढे मोकळ्या प्लायावर कलाकृतीच कलाकृती. शहरात बर्फ सोडला तर जवळपास काही विकत मिळत नाही. अदलाबदलसुद्धा अपेक्षित नाही. द्यायचं ते देऊन मोकळं व्हायचं.

आणि सहभाग हे तिथल्या दहा तत्त्वांपैकी एक आहे. हार्वी यांनी ती २००४ मध्ये लिहून काढली. हेच तत्त्व माझ्या मनात घर करून राहिलं आहे.

मी ऑफिसातल्या दोघींबरोबर गेले होते. दोघी मोकळ्या स्वभावाच्या, पहिल्याच संध्याकाळी कुठल्या तरी कँपात नाचायला गेल्या. मला त्यांनी आग्रहाने बोलावलं, मीच गेले नाही. सायकल घेऊन एकटी दूर प्लायावर निघून जायचे. पहाटेचं तर काय सांगू. थंडीने बोटं आखडलेली, सूर्य अजून डोंगराआड, आणि समोर कुणीतरी महिनोन् महिने राबून उभं केलेलं, दोन-तीन मजली उंचीचं काहीतरी. त्या कलाकृतींवर चढता येतं, आत शिरता येतं, हात लावून बघता येतं. असं कुठल्याही संग्रहालयात मी अनुभवलेलं नाही. त्या पहाटांसाठी मी पुन्हा जाणारच.

पण परत येताना रस्त्यारस्त्यावर लोक चहाला बोलवायचे, खुर्ची पुढे करायचे, ‘ये, बस जरा’ म्हणायचे, आणि मी हात हलवून पुढे जायचे. रात्री तंबूत पडल्यावर वाटायचं, बसायला हवं होतं.

मग पाऊस आला. शुक्रवार, १ सप्टेंबर. प्लायाच्या मातीचा चिखल नेहमीच्या चिखलासारखा नसतो, तो बुटाला थरावर थर चिकटत जातो आणि पाय उचलेनासा होतो. गाड्या हलवायला बंदी, दरवाजे बंद, अन्नपाणी जपून वापरा अशी सूचना. आमच्या शेजारच्या कँपाचं छत पाणी साठून झुकलं होतं. मी धावत जाऊन खांब धरला, कुणीतरी दोर ताणला, कुणीतरी पाणी उपसलं. तासाभराने मी त्याच लोकांमध्ये बसून सूप पीत होते आणि चक्क बोलत होते! नंतर त्यांच्यातल्या एकीच्या सायकलची चेन धूळ-चिखलाने अडकली होती, ती मी साफ करून दिली. मग दुसऱ्याची. मग समोरच्या कँपातून लोक सायकली हातात उचलून आले. मॅन त्या वर्षी शनिवारऐवजी सोमवारी रात्री जळला. तोपर्यंतचे सगळे तास माझे माणसांत गेले. हाताला काम असलं की माझी जीभ सुटते, हे तेव्हा मला पहिल्यांदा इतकं स्पष्ट दिसलं.

तर माझा प्रश्न असा: पाऊस न पडता, पहिल्या दिवसापासून असं काम मिळवायचं कसं? सायकलींचं काम मला चांगलं येतं. पंक्चर, ब्रेक, गिअर बसवणं, चाकाचा आऊट काढणं. ते घेऊन एखाद्या थीम कँपात, म्हणजे एकत्र राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी काहीतरी चालवणाऱ्या गटात, सामील व्हावं की आपल्याच तंबूबाहेर पाटी लावून बसावं? ओळख नसताना कँपवाले घेतात का? आणि गेटवर स्वागताला जी कडकडून मिठी मारतात ती मला जड जाते, ‘नको’ म्हटलं तर लोक दुखावतात का? शेवटचं, टेंपलबद्दल. वडील गेल्यावर मी तिथे त्यांच्यासाठी एक चिठ्ठी ठेवणार होते. आत इतकी माणसं रडत होती की मी दारातूनच परत फिरले. कुणाला असा अनुभव आहे का?

आगाऊ धन्यवाद.

*

प्रतिसाद १

ताई, धागा आवडला. मी अनेक वर्षं जातो आहे, एका मध्यम आकाराच्या थीम कँपात असतो, म्हणून त्या बाजूने सांगतो.

ओळख नसली तरी कँप घेतात. आम्हाला खरी गरज असते ती वेळेवर येणाऱ्या आणि काम अंगावर घेणाऱ्या माणसांची. गप्पिष्ट माणसं आधीच भरपूर असतात. ज्याला जागा नेमून दिलेली असते त्या प्रत्येक कँपाने येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी काहीतरी चालवायचं असतं: कुणी चहा देतं, कुणी योग शिकवतं, कुणी सायकली दुरुस्त करतं. सायकल दुरुस्तीचे कँप नेहमी असतात आणि तिथे रांग लागते. तुम्ही वसंत ऋतूतच त्यांना लिहा. ‘मला अमुक अमुक येतं, रोज इतके तास बसेन’ एवढं लिहिलंत तरी पुरे, स्वभावाचं स्पष्टीकरण देत बसू नका. कँपाची वर्गणी असते, स्वयंपाकाच्या आणि आवराआवरीच्या पाळ्या असतात, ते आधी नीट विचारून घ्या. काही कँपांना आपल्या माणसांसाठी तिकिटांचा वेगळा कोटा मिळतो, हाही फायदा आहे. गाडीचा पास मात्र वेगळा घ्यावा लागतो हे तुम्हाला माहीत असेलच.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा: कँप तिथे गेल्यावर शोधू नका. निघण्यापूर्वी महिना-दोन महिने सामान बांधायला, रंगकामाला, लाकूड कापायला बोलावतात तेव्हा जा. ओळख तिथे होते, स्क्रू पिळता पिळता. मग प्लायावर पोचाल तेव्हा चार चेहरे तुमची वाट बघत असतील.

मिठीचं म्हणाल तर बेधडक ‘नको’ म्हणा. हात पुढे करा किंवा नमस्कार करा. समोरच्याची संमती विचारणं तिथे फार मनापासून पाळतात, स्वागताला उभी असलेली चांगली माणसं आधी विचारतातच. कुणी दुखावत नाही. फोटो काढतानाही हाच नियम.

*

प्रतिसाद २

वरचा सल्ला योग्यच आहे, पण कँपाची कटकट नको असेल तर लॅम्पलायटर्सचा, म्हणजे रोज कंदील लावणाऱ्या स्वयंसेवकांचा, विचार करा. मी स्वतः बुजरी आहे आणि मला तिथेच सूर सापडला.

रोज सूर्यास्ताच्या सुमाराला पांढरे झगे घातलेले लोक खांद्यावर आडव्या काठ्या घेऊन निघतात, काठ्यांना कंदील लटकवलेले. मुख्य रस्त्यांवर उंच लाकडी खांब असतात, त्यांच्यावर लांब दांड्यांनी ते कंदील चढवायचे. नव्वदीच्या दशकापासून ही प्रथा चालू आहे. दुपारी त्यांच्या कँपात जाऊन ‘आज मी येऊ का’ विचारायचं, बहुतेक वेळा माणसं हवीच असतात. कंदील भरणं, काचा पुसणं, वाहणं, खांबावर चढवणं, आणि जे चालतात त्यांना पाणी देणं, अशी कामं वाटून दिलेली असतात. मिरवणुकीत बोलावं लागत नाही, आणि तरी तुम्ही त्या शहराला उजेड देत असता. मी पहिल्या दिवशी फक्त काचा पुसल्या. शेजारी बसलेली बाई पण काचा पुसत होती. अर्धा तास आम्ही दोघी गप्प, मग तिने विचारलं, उद्या येणार का?

बर्फ विकायच्या ठिकाणीही, त्याला आर्क्टिका म्हणतात, स्वयंसेवक लागतात. भर दुपारी ३८ अंशाला बर्फाच्या लाद्या उचलायला मिळतात हे सुख वेगळंच. तिथे येणारा प्रत्येक जण तुम्हाला बघून खूश होतो, त्यामुळे संवाद आपोआप सुरू होतो.

टेंपलबद्दल. मी माझ्या भावासाठी गेले होते. दिवसा जाऊ नका, पहाटे तीन-चारला जा. तेव्हाही माणसं असतात पण तुरळक. कुणी तुमच्याकडे बघत नाही, कुणी जवळ येत नाही, तुम्ही खूण केलीत तरच येतं. आठवड्याच्या सुरुवातीला गेलात तर भिंती अजून रिकाम्या असतात आणि लिहायला हवी तशी जागा मिळते. शेवटच्या दिवसांत मात्र वीतभरही जागा उरत नाही. जाळतात त्या रात्री, एरवी ती रविवारची रात्र असते, हजारो माणसं गोल बसलेली असतात आणि आवाज असतो फक्त आगीचा. आदल्या रात्री मॅन जळताना जो जल्लोष असतो त्याचा इथे मागमूस नसतो. तुमच्यासारख्या माणसाला ती रात्र जवळची वाटेल असं मला खात्रीने वाटतं. वडिलांसाठीची चिठ्ठी नक्की घेऊन जा.

*

प्रतिसाद ३

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. तुम्ही पहाटे उठून मोकळ्या प्लायावर जाता आणि कलाकृतीपाशी तास घालवता, तो सहभागच आहे. कलाकाराला विचारून बघा, त्याने ते कुणासाठी बांधलंय. मी एका मोठ्या कलाकृतीच्या उभारणीत होतो. रात्रभर वाऱ्याशी झगडून काम संपवलं आणि सकाळी एक माणूस येऊन काही न बोलता बराच वेळ बघत बसला. आमच्या सगळ्या टोळीला त्याने जे दिलं ते ढोल बडवणाऱ्या शंभरांनी दिलं नसतं.

तेव्हा ‘मिसळायलाच हवं’ हे ओझं घेऊन जाऊ नका. काम आवडतं म्हणून करा.

आता सायकलींचं. पाटी लावून बसायची कल्पना मला फार आवडली, पण काही गोष्टी सांभाळा. खाली मोठी ताडपत्री अंथरा, तेलाचा थेंबही मातीवर पडता कामा नये. झिप-टायची (प्लास्टिकच्या बांधपट्ट्यांची) कापलेली टोकं, व्हॉल्व्हच्या टोप्या, पॅचचे कागद हे सगळं ‘मूप’, म्हणजे नसावं तिथे पडलेली वस्तू. शहर उठल्यावर लोक रांगेने चालत जमिनीवरचं असलं बारीकसारीक वेचतात, आणि शेवटी सरकारी भूव्यवस्थापन खात्याची तपासणी असते. ती नीट पार पडली तरच पुढच्या परवान्याची वाट सोपी होते. ताडपत्रीच्या कोपऱ्यात चुंबक ठेवा, छोटे स्क्रू सापडतात.

चेनला नेहमीचं ओलं तेल लावू नका, अर्ध्या दिवसात त्याचा लगदा होतो. मेणाचं किंवा कोरडं वंगण वापरा. लोकांच्या सायकलींना आधी कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुवायला जाऊ नका. धुतलेलं पाणी जमिनीवर ओतायला बंदी आहे आणि धूळ ओली झाली की पुन्हा चिखलच. ही धूळ अल्कलाईन असते, तुमच्या हातांना भेगा पडतील. व्हिनेगर पाण्यात घालून हात धुवा आणि वर क्रीम लावा, रोज.

आणखी एक. रात्री बिनदिव्याच्या सायकली ही तिथली मोठी डोकेदुखी आहे. दिव्यांच्या चार-पाच जादा माळा जवळ ठेवा. ब्रेक दुरुस्त करून झाला की मागच्या चाकाला एक बांधून द्या.

*

धागालेखिका

तिघांचेही मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण काल रात्री बसून एका सायकल दुरुस्तीच्या कँपाला लिहिलं. प्रतिसाद १ मध्ये सांगितल्याप्रमाणे स्वभावाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही, फक्त कामं लिहिली आणि सकाळची पाळी मागितली. पहाट फिरून झाली की थेट तिथे बसता येईल. त्यांनी घेतलं नाही तर ताडपत्री आणि पाटी आहेच. चुंबकाची कल्पना माझ्या डोक्यात कधीच आली नसती.

लॅम्पलायटर्सना मी २०२३ मध्ये लांबून पाहिलं होतं आणि ते ठरलेल्या माणसांचंच पथक असेल असं समजत होते. कुणीही जाऊन विचारू शकतं हे वाचून फार आनंद झाला. एक संध्याकाळ तरी काचा पुसायला जाणारच.

प्रतिसाद ३, तुमचं म्हणणं मनाला लागलं. पहाटेचे ते तास मी कमी करणार नाही, उलट कलाकार तिथे असेल तर त्याला ‘तुझं काम पाहिलं’ एवढं तरी सांगेन. दारातून परत फिरलेली टेंपलची गोष्ट मात्र मला पूर्ण करायची आहे, आणि सोमवारी किंवा मंगळवारी पहाटे जाण्याचा सल्ला मी तसाच्या तसा घेते.

एक उपप्रश्न राहिला. जादा ट्यूब न्यायच्या तर कुठल्या मापाच्या? तिथे बहुतेक जाड टायरच्या २६ इंची सायकली दिसल्या, पण त्याहून रुंद टायरवाल्या आणि लहान मुलांच्या सायकलीही बऱ्याच होत्या. तीन-चार मापं घेऊन बसावं की ट्यूब नेऊच नयेत आणि फक्त पॅच लावून द्यावेत? गाडीत जागा बेताची आहे. कुणी तिथे दुरुस्तीला बसलं असेल तर कृपया सांगा.