'गुच्छ' गेला, 'समूह' गेला. असोसिएशनला काय म्हणावं?

रोहिणी_पुणे: मृगातल्या तरुण ताऱ्यांवरचा एक लेख मराठीत करतेय. 'क्लस्टर'ला तारकागुच्छ आहेच. अडलंय 'असोसिएशन'वर. एकाच ढगातून जन्मलेले, पण गुरुत्वाकर्षणाने बांधलेले नसलेले, हळूहळू पांगणारे तारे. 'तारकासमूह' म्हणावं तर वाचकाला आख्खं मृगच आठवणार.

वाटसरू: तारकापुंज.

कोरा_कागद: पुंज पुंजभौतिकीवाल्यांनी, म्हणजे क्वांटमवाल्यांनी, नेला!

जुना_मास्तर: तारकासंघ. भारदस्त आहे.

वाटसरू: जीवशास्त्रात 'संघ' म्हणजे फायलम, मास्तर.

कोरा_कागद: शिवाय संघात शिस्त आली, इथे सगळा सैल कारभार. १९४७ साली खगोलशास्त्रज्ञ अंबार्तसुम्यानने हे गट वेगळे काढले ते याच मुद्द्यावर. इतके विरळ गट आकाशगंगेच्या ओढाताणीत फार टिकणार नाहीत, म्हणजे ते जन्मून फार काळ झालेला नसणार. माझं मत 'घोळका'ला.

रोहिणी_पुणे: घोळका कुणाचाही जमतो हो. ही सख्खी भावंडं आहेत. एका दिशेला दिसले म्हणून एका घरचे, असं नसतं. मधे अलीकडचे-पलीकडचे उपरे घुसलेले असतात. गाया या अवकाश दुर्बिणीने मोजलेली अंतरं आणि निजगती (तारा आकाशात किती नि कुठे सरकतो ते) जुळवून ते निवडून काढतात. लिथियम अजून शिल्लक आहे का, भोवतीच्या धुळीच्या चकतीमुळे अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश जास्त येतो का, या तरुणपणाच्या खुणाही बघतात.

जुना_मास्तर: मग 'तारकाकुल' म्हणा.

वाटसरू: 'असोसिएशन'च लिहा की. सोसायटी, कमिटी चालते, मग हेच का टोचतं?

जुना_मास्तर: टोचतं, कारण उद्या 'स्टार'पण तसाच लिहाल. आणि रोहिणीताई, 'तरुण' कसं? दहा लाख वर्षं वय ना? सूर्याचं हजार कोटी वर्षांचं आयुष्य म्हणजे माणसाची ८० वर्षं धरली, तर हे जेमतेम तीन दिवसांचे. पाचवीसुद्धा पुजलेली नाही! 'नवजात' लिहा.

रोहिणी_पुणे: नवजात मी ढगात गुरफटलेल्यांसाठी राखून ठेवलाय.

कोरा_कागद: म्हणजे बाळंतिणीच्या खोलीतले. बरोबर.

शिवार: विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. मृग लागतो जूनच्या सात-आठ तारखेला, पण तेव्हा रात्री मृग दिसत का नाही?

जुना_मास्तर: कारण तेव्हा सूर्यच मृगात असतो. पण पेरणीच्या दृष्टीने 'मृग लागणं' आणि 'मृग बरसणं' यांत फरक आहे. आमच्याकडे…

रोहिणी_पुणे: मास्तर, कुल की घोळका? संध्याकाळी लेख द्यायचाय.

शिवार: बरसणं नव्हे, आमच्याकडे 'मृग साधला' म्हणतात.