लाकडी पुलाला छप्पर कशाला?

नॅशुआकर:
आईबाबा सध्या इथे अमेरिकेत आलेत. रविवारी त्यांना कॉर्निश-विंडसर पूल दाखवला. न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँटच्या मधे, कनेक्टिकट नदीवर. सगळा लाकडी, जवळजवळ साडेचारशे फूट, वर छप्पर, आणि आतून अजून गाड्या जातात. बाबा पीडब्ल्यूडीतून निवृत्त, त्यामुळे देखावा राहिला बाजूला, ते तुळया निरखत बसले. त्यांचे दोन प्रश्न: छप्पर बर्फासाठी का? आणि काही तुळया उघड नव्या दिसतात, मग याला 1866चा पूल कसं म्हणायचं?

पावशेर:
बर्फासाठीच. रस्त्यावर साठू नये म्हणून.

रंधा:
पावशेर, नेमकं उलट. हिवाळ्यात घोड्यांच्या घसरगाड्या चालायच्या, म्हणून बाहेरचा बर्फ मुद्दाम आत आणून फळ्यांवर पसरत.

छप्पर पुलासाठी असतं, माणसांसाठी नाही. भार पेलतात त्या दोन्ही बाजूंच्या कैच्या, म्हणजे तिरपी लाकडं जोडून केलेले सांगाडे. त्यांचे सांधे भिजले की आतून कुजतात. उघडा पूल दहा-पंधरा वर्षांत डळमळू लागतो. झाकलेला शंभरी गाठतो. फिलाडेल्फियाला 1805 साली टिमोथी पामरने असा मोठा पूल बांधला, तिथून ही पद्धत अमेरिकेत रुजली. पुढे 1820 साली इथिएल टाउनने जाळीच्या कैचीचं पेटंट घेतलं: तिरप्या फळ्या एकमेकींवर आडव्या टाकायच्या, जिथे मिळतात तिथे भोक पाडायचं, ओकच्या खुंट्या ठोकायच्या. अवजड तुळया नकोत, लोखंड जवळपास नको, गावचा सुतार पुरे. म्हणून तर हे पूल खेडोपाडी झाले. कॉर्निशची कैचीही त्याच जातीची, पण तिथे फळ्यांऐवजी जाड चौकोनी लाकडं खाचा पाडून बसवलीत. टास्कर आणि फ्लेचर यांचं काम. त्याआधी त्याच जागी असलेले तीन पूल पुरात गेले होते.

नॅशुआकर:
बाबा म्हणतात, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर टाळलंत :)

रंधा:
टाळलं नाही, जेवायला गेलो होतो.

तो पूल 1987 साली बंद झाला, 1989 साली दुरुस्त होऊन उघडला. लाकडाच्या पट्ट्या चिकटवून केलेल्या नव्या तुळया त्या वेळच्या. बाबांची नजर पक्की आहे. पण माझ्या मते प्रश्न लाकडाच्या वयाचा नाहीच. भार अजून कैचीच पेलते की नाही, एवढंच बघा. काही ठिकाणी खाली पोलादी गर्डर घालून वरचा लाकडी सांगाडा नुसता शोभेला ठेवतात. गाड्या जातात, फोटो छान येतात, पण मी त्याला जतन म्हणणार नाही. अर्थात ज्या गावाला शाळेची बस आणि आगीचा बंब त्याच वाटेने न्यायचाय, त्यांना हे ऐकवणं सोपं नाही.

दुसरं टोक बघायचं तर व्हरमाँटमधलं बार्टन्सव्हिल. 1870 चा टाउन जाळीचा पूल ऑगस्ट 2011 मध्ये आयरीन वादळाच्या पुरात वाहून गेला. गावाने काँक्रीटचा नाही, पुन्हा लाकडी जाळीचाच बांधला. 2013 साली खुला झाला. त्यात जुनं लाकूड जवळजवळ नाही, तरी मला तो जास्त खरा वाटतो.

पावशेर:
आमच्या कोकणात साकव दर पावसाळ्यानंतर नव्याने घालत. तो किती जुना, असं कुणी विचारत नसे.

रंधा:
ते ठीक, पण साकवावरून ट्रक जात नव्हता.

नॅशुआकर, बाबांना पुन्हा न्याल तेव्हा तुळयांची टोकं बघायला सांगा, जिथे ती दगडी पायथ्यावर टेकतात. छपराची गळती आणि रस्त्यावरून येणारी माती तिथेच साचते, कुजायला सुरुवातही तिथूनच होते. प्रवेशावरची पाटीही दाखवा: घोडे चालत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड. टोल मात्र 1943 साली बंद झाला.