डेबिट कार्ड: साधं रुपे की महागडं व्हिसा?

प्रश्न (जळगाव):
बँक साधं रुपे किंवा जास्त वार्षिक शुल्काचं व्हिसा देतेय. वापर दाणाबाजारातला किराणा, पेट्रोल आणि फुले मार्केट, एवढाच. कोणतं घेऊ? आणि नवं कार्ड मशीनला टेकवलं तर चालत का नाही?

उत्तर (भुसावळ):
भाऊ, एवढ्याला रुपे भरपूर झालं. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिटवर दुकानदाराला एमडीआर (कार्डाच्या व्यवहारामागे बँक त्याच्याकडून कापते ते शुल्क) लागत नाही, म्हणून कोणी वर दोन टक्के मागितले तर देऊच नका.

नव्या कार्डावर फक्त देशातलं एटीएम आणि दुकानातलं मशीन चालू असतं. टेकवून पैसे देणं आणि ऑनलाइन खरेदी बंद असते. आधी एटीएममध्ये पिन तयार करा, मग बँकेच्या ॲपमध्ये कॉन्टॅक्टलेस चालू करा. ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही. म्हणूनच तिथली मर्यादा १,००० वर आणून ठेवा, कार्ड हरवलं तर नुकसान कमी. मशीनमध्ये घातलेलं कार्ड ते सांगेपर्यंत ओढू नका, व्यवहार अर्धवट तुटतो.

उत्तर (धुळे):
पैसे कटले पण स्लिप निघाली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा कार्ड लावू नका. आधी मेसेज आणि शिल्लक बघा. अशी रक्कम ५ दिवसांत आपोआप परत यायला हवी. पुढे रोज १०० रुपये भरपाई बँकेने द्यायची असते. तारीख, वेळ, रक्कम लिहून ठेवा.

आणि न केलेला व्यवहार दिसला तर कार्ड तिथल्या तिथे ब्लॉक करा, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. बँकेकडे तक्रार ३ कामकाजी दिवसांच्या आत गेलीच पाहिजे.