मदत हवी आहे: लंडनच्या धुरक्याचे बळी कुठपर्यंत मोजायचे?

औद्योगिक शहरांतल्या विषारी हवेच्या दुर्घटनांचा तक्ता करतोय. बेल्जियमचं म्यूज खोरं (१९३०) सुमारे ६० मृत्यू, अमेरिकेतलं डोनोरा (१९४८) २०, इथवर ठीक. गाडी अडलीय लंडनवर. दाट धुरकं ५ ते ९ डिसेंबर १९५२ एवढंच, पण मृत्यूंचा तेव्हाचा अंदाज सुमारे ४,०००, नंतरच्या संशोधनात सुमारे १२,०००. फरकाचं कारण कळलं: १९५३च्या सुरुवातीचे जादा मृत्यू सरकारने फ्लूच्या खात्यावर टाकले (सोयीचंच होतं म्हणा!). दोन्ही आकडे शेजारी देऊन पाहिले, पण मग तुलनाच बिघडते. बाकी दोन्हीकडे मोजणी लगेचच्या दिवसांचीच आहे. १९५६च्या स्वच्छ हवा कायद्याची माहिती आहे, ती नको. फ्लूचे आणि धुराचे बळी इतक्या वर्षांनी वेगळे काढतात कसे, आणि तक्त्यात यातला कुठला आकडा धरावा?